नाडीशोधन: मोजणी रेचकापासून

नाडीशोधनाचा, म्हणजे आळीपाळीने एकेका नाकपुडीने करायच्या प्राणायामाचा, अभ्यास नीट चालला आहे की नाही, हे पूरकावरून, म्हणजे श्वास आत घेण्यावरून, कळत नाही. पूरक कुणालाही लांबवता येतो. छाती फुगवली, खांदे उचलले की आठ आकडे सहज निघतात. खरी परीक्षा रेचकाची, म्हणजे श्वास सोडण्याची. दहाव्या आवर्तनातला रेचक पहिल्या आवर्तनातल्याइतकाच संथ, बिनआवाजी आणि शेवटपर्यंत एकसारखा सुटला, तर त्या दिवशीचं प्रमाण (किती आकडे पूरक, किती रेचक) बरोबर. शेवटच्या दोन आकड्यांना श्वास ढकलावा लागला, किंवा पुढचा पूरक घाईने ओढला गेला, तर प्रमाण चुकलं. कागदावर ते कितीही छोटं दिसो. आम्ही पुण्यात पहाटे जो अभ्यास करतो तो या एकाच कसोटीवर चालतो. खाली येणारे आकडे आणि आठवडे तिच्याच आधाराने वाचावेत.

आधी नावांचा गुंता. पुण्यात दोन मोठे प्रवाह एकत्र येतात. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम ही योगसंस्था सुरू केली, आणि मॉडेल कॉलनीत १९७५ पासून योगाचार्य बी. के. एस. अय्यंगारांची संस्था आहे. त्यामुळे एकाच शब्दाचे दोन अर्थ कानावर पडतात. बहुतेक ठिकाणी ‘अनुलोम-विलोम’ म्हणजे आळीपाळीने एकेका नाकपुडीने श्वास घेणं-सोडणं. अय्यंगार पद्धतीत मात्र ‘विलोम’ म्हणजे मध्ये थांबत, टप्प्याटप्प्याने घेतलेला किंवा सोडलेला श्वास. नाकपुड्या बदलण्याशी त्याचा संबंध नाही. एका वर्गातून दुसऱ्या वर्गात गेलेला माणूस इथे हमखास गोंधळतो. या लेखात कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, नसेल तर अनुलोम-विलोम आणि कुंभक असेल तर नाडीशोधन, असं धरलं आहे.

वेळ पहाटे पावणेसहाची. पोट रिकामं हवं, रात्रीचं जेवण उशिरा झालं असेल तर अभ्यास आखडता घ्यावा. संध्याकाळी बसायचं तर जेवणानंतर निदान चार तास जाऊ द्यावेत. पंखा बंद. डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पारा दहाच्या आसपास आणि कधी त्याच्याही खाली जातो. त्या दिवसांत खिडकी उघडी असावी, पण बसायची जागा झोतात नको. थंड हवा सरळ नाकात गेली की आतलं अस्तर सुजतं आणि दहा मिनिटांत एक बाजू बंद होते. तळजाई किंवा वेताळ टेकडी चढून आलेले बरेच जण घाम निथळत असतानाच वरच्या कट्ट्यावर बसून नाक धरतात. तेव्हा शरीराला हवेची गरज असते आणि श्वास आपोआप भराभर चाललेला असतो. त्याच्यावर मोजणी लादली की रेचक तुटणारच. टेकडीवर करायचं असेल तर वीस मिनिटं सावकाश फिरावं, घाम वाळू द्यावा, मग बसावं.

बैठकीसाठी सोलापुरी चादरीची घडी उत्तम. दोन चादरी घट्ट घड्या घालून एकावर एक ठेवल्या की अडीच-तीन इंचांची उंची मिळते आणि ती फोमच्या उशीसारखी दबत नाही. घडीच्या पुढच्या कडेवर बसायचं, मांडी जमिनीवर उतरवायची. गुडघे कंबरेच्या वर राहत असतील तर उंची आणखी वाढवावी, कारण गुडघे वर असले की कंबर मागे कलते, बरगड्या पोटावर येतात आणि छाती-पोटामधल्या पडद्याला खाली उतरायला जागाच राहत नाही. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी सरळ खुर्चीत बसावं, पाठ न टेकता, तळपाय पूर्ण जमिनीवर ठेवून. त्यात काहीही कमीपणा नाही. पद्मासनात वाकडं बसून केलेल्या प्राणायामापेक्षा खुर्चीतला ताठ प्राणायाम कितीतरी चांगला.

पहिले दोन आठवडे मात्र बसायचंच नाही. एक चादर लांबट घडी करून पाठीच्या कण्याखाली उभी ठेवायची: रुंदी वीतभर, जाडी दोन-अडीच इंच, लांबी कंबरेपासून डोक्यापर्यंत. डोक्याखाली आणखी एक घडी, म्हणजे हनुवटी वर जात नाही. या आधाराने बरगड्या आपोआप उघडतात. डोळे मिटून पहिली पाच मिनिटं नुसता श्वास बघायचा, त्यात काही बदल करायचा नाही. मग फक्त रेचक लांबवायचा, पूरक येईल तसा येऊ द्यायचा. घशातून अगदी बारीक घर्षण जाणवेल इतपत उज्जायी चालेल, पण शेजारच्याला ऐकू जाईल असा आवाज नको.

याच अवस्थेत एक गोष्ट करून बघण्यासारखी आहे. डाव्या मनगटावर उजव्या हाताची तीन बोटं ठेवून नाडी बघा. पूरकात ठोके जरा जवळ येतात आणि रेचकात लांब पडतात. तरुण, निरोगी माणसात हा फरक बोटांना स्पष्ट कळतो. वयाबरोबर तो कमी होत जातो. रेचक पूरकाच्या दुप्पट ठेवण्यामागचं शरीरशास्त्र इथे हाताला लागतं. श्वास सुटत असताना हृदय मंदावतं, म्हणून रेचक लांब ठेवला की शरीराला शांत होण्यासाठी जास्त अवधी मिळतो. हे एकदा बोटांनी अनुभवलं की पूरक वाढवायची हाव बरीच कमी होते.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बसून, दोन्ही नाकपुड्यांनी, हाताशिवाय. तीन आकड्यांचा पूरक, सहाचा रेचक. हे ऐकायला किरकोळ वाटतं म्हणून हिशेब मांडतो. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण बारा ते अठरा श्वास घेतो. तीन-सहाच्या प्रमाणात एक श्वास नऊ सेकंदांचा, म्हणजे मिनिटाला सहा-सात. चार-आठ केलं की मिनिटाला पाचच. नेहमीच्या वेगाच्या जवळपास निम्म्यावर किंवा त्याहून खाली आपण पहिल्याच पायरीवर जातो. म्हणून ‘चार-आठ तर सोपं आहे, सहा-बाराच घेतो’ असं म्हणणाऱ्याला थांबवावं लागतं. त्याचा सहावा-सातवा रेचक ऐकला की कारण लगेच कळतं.

मोजणीचा वेगही तपासावा लागतो. हवा संपत आली की मनातले आकडे पळायला लागतात. ‘पाच, सहा’ एका सेकंदात उरकतात आणि माणसाला वाटतं आपण सहा पूर्ण केले. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत असेल तर तिच्यावर मोजावं, नाहीतर मोबाईलवर मिनिटाला साठ ठोके देणारं अॅप लावावं. योगतत्त्वोपनिषदात मात्रेचं माप असं दिलं आहे: गुडघ्याभोवती हात फार जलद नाही, फार सावकाश नाही असा फिरवून चुटकी वाजवायची, ती एक मात्रा. घड्याळ नसलेल्या काळातही मात्रा शरीराबाहेरच्या हालचालीला बांधली होती, हे लक्षात घ्यावं. श्वासालाच श्वासाने मोजायला गेलं की फसवणूक होते.

पाचव्या आठवड्यात हात नाकाशी येतो, आणि जवळजवळ सगळ्या चुका इथून सुरू होतात.

उजव्या हाताची तर्जनी आणि मध्यमा तळव्याकडे मिटवायची. अंगठा उजव्या नाकपुडीसाठी, अनामिका आणि करंगळी जोडून डाव्या नाकपुडीसाठी. काही परंपरांत तर्जनी-मध्यमा भुवयांच्या मध्ये टेकवतात. तेही चालतं, पण नवख्या माणसाचा सगळा हात मग कपाळावर लोंबकळतो आणि डोकं खाली जातं. नाकावरून बोट खाली फिरवलं की एका ठिकाणी हाड संपतं आणि मऊ भाग सुरू होतो. बोटाचं टोक त्या सांध्याच्या लगेच खाली ठेवायचं. तिथे अगदी हलक्या दाबाने मार्ग बंद होतो. शेंड्याजवळ दाबलं तर नाकपुडी चिमटली जाते, मधला पडदा दुसऱ्या बाजूला सरकतो आणि जी बाजू उघडी हवी तीच अरुंद होते. ‘माझी डावी बाजू नेहमी बंद असते’ या तक्रारीचं कारण कित्येकदा उजवीकडचा दांडगा अंगठा असतो. अंगठ्याचं नख कापलेलं असावं, हे सांगायला नको, पण दर वर्गात सांगावं लागतंच.

क्रम असा. आधी दोन्ही नाकपुड्यांनी श्वास सोडून द्यायचा. उजवी बंद, डावीने पूरक. डावी बंद, उजवी उघडून रेचक. उजवीनेच पूरक. उजवी बंद, डावीने रेचक. हे एक आवर्तन. घोटून ठेवायचा नियम एवढाच की भरल्यावर बाजू बदलायची, सोडल्यावर नाही. गोंधळ झाला की लोक रेचकानंतर बाजू बदलतात आणि मग एकाच बाजूने भरणं, दुसऱ्याच बाजूने सोडणं असं एकमार्गी चक्र सुरू होतं. तो वेगळा प्रकार आहे. उजवीने भरून डावीने सोडत राहिलं तर ते सूर्यभेदन होतं. बाजू बदलताना क्षणभर दोन्ही बंद असाव्यात. एक उघडून मग दुसरी मिटली तर मधल्या फटीतून श्वास फुस्सकन निसटतो आणि रेचकाचे पहिले दोन आकडे वाया जातात.

पहिल्या दोन आकड्यांतच अर्धीअधिक हवा सोडून टाकणं, ही सगळ्यांत सार्वत्रिक चूक. भरलेल्या छातीची स्वतःची मागे येण्याची ओढ असते, त्यामुळे सुरुवातीला हवा आपोआप जोरात जाते. रेचक ‘सोडायचा’ नसून धरत धरत सोडायचा असतो. त्यासाठी पूरकात उचललेल्या बरगड्या पहिल्या दोन-तीन आकड्यांपर्यंत खाली पडू द्यायच्या नाहीत. पोट आधी आत जाऊ द्यावं, छाती सर्वांत शेवटी उतरावी. तपासायला शिवणाच्या दोऱ्याचा वीतभर तुकडा नाकपुडीसमोर चार बोटं अंतरावर धरावा. रेचकभर दोरा थरथरला तरी एकसारखा थरथरायला हवा. सुरुवातीला उडाला आणि नंतर लोंबला, तर कुठे चुकतंय ते कळलंच. अय्यंगार पद्धतीत यावर सुंदर उपाय आहे: जी नाकपुडी उघडी, तिच्यावरही बोट हलकेच ठेवून मार्ग अर्धा अरुंद करायचा. नळाची तोटी थोडी फिरवली की धार बारीक होते, तसंच. हे जमायला महिने लागतात, पण रेचक एकसारखा करायला याहून चांगलं साधन माझ्या पाहण्यात नाही.

यापाठोपाठ येते उजव्या बाजूची पडझड. हात दोन-तीन मिनिटं वर राहिला की खांदा कानाकडे चढतो, कोपर छातीला चिकटून उजव्या बरगड्या दाबतं, आणि हनुवटी हाताकडे वळते. उजवं फुफ्फुस मग कमी भरतं. कोपर छातीपासून चार बोटं लांब ठेवावं आणि हनुवटी छातीच्या मधल्या हाडाच्या रेषेत आहे ना, हे दर दोन आवर्तनांनी पाहावं. समोर आरसा ठेवून आठवडाभर सराव केला तर सवय लागते. दंड भरून आला तर हात खाली घ्यावा, दोन साधे श्वास घ्यावेत आणि पुन्हा सुरू करावं. आवर्तनं सलग झाली पाहिजेत असा कुठलाही नियम नाही.

आवर्तनं मोजायला डावा हात आहे. अंगठा चारी बोटांच्या पेरांवरून फिरवला की बारा होतात. हाताची सवय होईपर्यंत पाचवा आठवडा आकड्यांशिवाय. सहाव्या आठवड्यापासून तीन-सहाची पाच आवर्तनं, हळूहळू दहा. तिसऱ्या महिन्यात चार-आठ: एक आवर्तन चोवीस सेकंदांचं, दहा आवर्तनं चार मिनिटांत. चौथ्या महिन्याच्या सुमारास पाच-दहा. तिथे खूप जण महिनोन्‌महिने राहतात आणि राहावं. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात तीन महिन्यांत नाडीशुद्धी होते असं म्हटलं आहे, आणि हे वाक्य अनेकदा सांगितलं जातं. पण त्याच्या लगेच पुढच्या श्लोकात पहाटे, दुपारी, संध्याकाळी आणि मध्यरात्री अशी चार वेळा, हळूहळू प्रत्येकी ऐंशी कुंभकांपर्यंत जाण्याची अट आहे. म्हणजे दिवसाला तीनशे वीस. ऑफिसला जाण्याआधी दहा आवर्तनं करणाऱ्याने तीन महिन्यांचं ते वचन स्वतःला लावू नये.

एक नाकपुडी बंद असेल तर? दोन्ही बाजू सारख्या मोकळ्या असणं हीच मुळात दुर्मीळ गोष्ट. नाकाच्या आतलं अस्तर काही तासांच्या अंतराने एका बाजूला फुगतं आणि दुसऱ्या बाजूला उतरतं. जुन्या लोकांनी यालाच चंद्र-सूर्य स्वर म्हटलं. हिवाळ्यात बसण्यापूर्वी स्टीलची ताटली नाकाखाली धरून श्वास सोडला की वाफेचे दोन ठसे उमटतात. मोठा ठसा मोकळ्या बाजूचा. उन्हाळ्यात ठसा उमटत नाही, तेव्हा हाताच्या मागच्या बाजूवर श्वास सोडून बघावा. डावी बंद असेल तर उजव्या कुशीवर पाच-दहा मिनिटं पडावं; वर असलेली बाजू मोकळी होते. तरीही नाही झाली तर त्या दिवशी हात नाकाला लावायचा नाही, दोन्ही नाकपुड्यांनी उज्जायी करून उठायचं. बंद नाकातून जोराने श्वास ओढला की अस्तर आणखी सुजतं.

पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबर-ऑक्टोबरात, पुण्यात हे फार जणांना होतं. रिकाम्या प्लॉटवर आणि नदीकाठी गाजर गवत फुललेलं असतं. हे गवत भारतात १९५५ च्या सुमारास पहिल्यांदा नोंदवलं गेलं तेही पुण्यातच. त्याच्या परागांचं अनेकांना वावडं असतं. त्या दिवसांत जलनेती, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणं, उपयोगी पडते. अर्धा लिटर उकळून कोमट केलेलं पाणी आणि सपाट एक चमचा मीठ, म्हणजे साधारण साडेचार-पाच ग्रॅम. मीठ कमी पडलं तर नाक झोंबतं, जास्त झालं तर जळजळतं. नळाचं किंवा फिल्टरचं न उकळलेलं पाणी वापरू नये. नेतीनंतर पुढे वाकून, एकेक नाकपुडी अर्धवट मिटून हलके श्वास सोडत पाणी काढावं. दोन्ही बाजू दाबून जोरात शिंकरलं तर पाणी कानाकडे जातं. नाक पूर्ण बंद असेल किंवा कान दुखत असेल तर नेती नको. नेती आणि प्राणायाम यांत अर्धा तास ठेवावा.

डोकं हलकं होणं, ओठांना किंवा बोटांना मुंग्या येणं, हे काही प्राणशक्ती जागृत झाल्याचं लक्षण नाही. पूरक गरजेपेक्षा मोठा घेतला जातोय आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड खाली गेला आहे, एवढाच त्याचा अर्थ. हात खाली घ्यावा, साधा श्वास चालू द्यावा आणि दुसऱ्या दिवशी पूरक एका आकड्याने कमी करावा. अस्वस्थता किंवा घाबरल्यासारखं होत असेल तर आकडेच सोडून द्यावेत. काही जणांना मोजणीचाच ताण येतो, आणि मोजणी सोडली की त्यांचा रेचक आपोआप लांबतो.

कुंभक सहाव्या महिन्याच्या आत नको. उच्च रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचा आजार, हर्निया, पोटाची ताजी शस्त्रक्रिया, गर्भारपण यांपैकी काही असेल तर मुळीच नको. अशांनी डॉक्टरांना विचारून कुंभकाविना अनुलोम-विलोमच करावा. दमेकऱ्यांनीही कुंभक टाळावा आणि प्राणायाम सुरू केला म्हणून इन्हेलर बंद करू नये.

सुरुवात चार-चार-आठने (पूरक-कुंभक-रेचक). पूरकानंतर दोन्ही नाकपुड्या मिटायच्या, छाती हनुवटीकडे उचलायची आणि मग हनुवटी उतरवायची. हनुवटी ताणून छातीकडे नेली तर जालंधर बंध (कुंभकातलं हनुवटीचं कुलूप) होत नाही, नुसती मान दुखते. कुंभकात हवा आतून ढकलली जाऊ नये. घसा आवळून दाब दिला की चेहरा लाल होतो, डोळ्यांमागे ताण येतो, कानांत ठोके ऐकू येतात. त्या क्षणी डोकं वर घेऊन श्वास सोडून द्यावा. लाळ आली तर रेचकानंतर गिळावी, कुंभकात नाही. पाच आवर्तनं, बस. पुढच्या दोन-तीन महिन्यांत चार-आठ-आठ. ग्रंथांतलं एक-चार-दोन हे प्रमाण चारने मांडलं तर चार-सोळा-आठ होतं: छप्पन्न सेकंदांचं आवर्तन, त्यातले बत्तीस सेकंद श्वास रोखलेला. समोर बसून शिकवणारं कुणी नसताना मी त्याच्या वाटेला कुणाला पाठवणार नाही. सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळूच वश होतात तसा वायू, आणि घाई केली तर तो साधकालाच मारतो, असं हठप्रदीपिका सांगते, आणि इथे ते शब्दशः घ्यावं. कुंभक झेपला का, याचं उत्तर पुन्हा त्याच्यामागून येणारा रेचक देतो. तो पहिल्या आकड्याला सांडला तर कुंभक दोन आकड्यांनी कमी.

शेवटचा रेचक डावीने. हात खाली, मिनिटभर तसंच बसून राहायचं, मग पाच ते आठ मिनिटं शवासन, उजव्या कुशीवर वळून उठणं. वहीत चार गोष्टी लिहाव्यात: तारीख, प्रमाण, सुरुवातीला कुठली बाजू मोकळी होती, आणि शेवटचा रेचक कसा सुटला. चौथा रकाना आठवडाभर ‘एकसारखा’ असा भरला तरच पुढच्या आठवड्यात एक आकडा वाढवायचा. चार दिवस खंड पडला तर एक पायरी मागे यायचं. महिना गेला तर चादरीची लांबट घडी काढायची, पाठीखाली घ्यायची आणि पुन्हा आडवं पडून रेचकापासून सुरू करायचं.